उशाच्या विटा आणि नवसाचा रोडगा

आमच्या घराण्यात जेवताना कुणी "पुरे" म्हटलं तर ते मनावर घ्यायची पद्धत नव्हती. सेलूला मोठ्या आईसमोर पाटावर बसलं की "पुरे" म्हणजे आणखी एक पोळी, "खरंच पुरे" म्हणजे दोन, आणि ताटावर दोन्ही हात आडवे धरले तर बोटांच्या फटीतून वरण. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, मनकर्णाबाई. माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून मला वाढवलं हिनं. हिच्या घरातलं जातं गेलं, दळण चक्कीवर जाऊ लागलं, पण जात्यावरच्या ओव्या तिच्याकडेच राहिल्या. त्या तिनं वाढण्याच्या कामाला लावल्या. हातात पळी आणि ओठांत:

दिराचं लेकरू, माह्या पदराले धरून
भूक त्याच्या पोटी, डोये माहे येती भरून

आता हे असं कानावर पडल्यावर कोणता माणूस तिसरी पोळी नाकारील? मी चाळिशी ओलांडली तरी नाकारली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याचा दोष काही लोक माझ्या पोटाला देतात. पोट बिचारं आज्ञाधारक होतं.

वर्ध्याच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान. आहेराच्या भांड्यावर नाव कोरायचं विजेचं यंत्र त्या काळात मोजक्या दुकानांतच होतं. समोरचा दुकानदार नुसतं नाव आणि तारीख कोरायचा. मी गुंडाच्या, म्हणजे पाण्याच्या मोठ्या भांड्याच्या, गळ्याभोवती दोन ओळी रचून कोरत असे. "सोन्याच्या दिवसाला स्टीलची साथ, सासरी जपावा माहेरचा हात" वगैरे. नवऱ्या मुलींना उखाणे फुकट. त्या यंत्राची भुंग्यासारखी गुणगुण, दुकानाबाहेर उभी राहिलेली लग्नाची बायामाणसं, "आमचं आडनाव जरा ठळक येऊ द्या जी" ही त्यांची विनवणी, हे सगळं आठवलं की अजून हाताला बारीक थरथर जाणवते. आता लोक आहेरात पाकीट देतात. पाकिटाला गळा नसतो.

तर शहाण्णव सालची लग्नसराई. जाम गावाला नात्यातलं एक लग्न होतं. पाटवडीचा रस्सा, वांग्याची भाजी, बुंदी, वर मठ्ठा. वाढणारे आमच्याच घराण्यातले असल्यामुळे माझ्या "पुरे"चं जे व्हायचं तेच झालं. जेवण झाल्यावर आहेराची पितळी परात उचलायला खाली वाकलो, आणि छातीच्या मधोमध कुणीतरी शेगडी पेटवली. आग घशापर्यंत आली. मी परातीसकट खाली बसलो. परातीचा आवाज मोठा झाल्यामुळे मांडवातले सगळे जमले.

मांडवात एकमताने ठरलं की हार्ट आहे. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी तळपायाला. मग मेटॅडोरमध्ये आहेराच्या गाद्यांवर आडवं टाकून मला वर्ध्याला आणलं. आडवं टाकल्यावर आग आणखी वाढली, त्यामुळे माझी खात्री पटली. रस्त्याकडेची झाडं मागे पळत होती आणि माझ्या मनात एकच विचार होता. आमच्याकडं तेरवीला गेलेल्याच्या नावाचं भांडं वाटतात. माझ्या भांड्यावर "स्मरणार्थ" कोण कोरणार? माझं यंत्र माझ्याशिवाय कुणाला चालवता येत नव्हतं. म्हणजे काम समोरच्याकडे जाणार, आणि तो नुसतं नाव आणि तारीख घालणार. त्या दुःखानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोनं, कोकिळानं, ते पाहिलं आणि तिला वाटलं मी तिच्यासाठी रडतो आहे. मी तो समज आजपर्यंत मोडलेला नाही.

सिंदी मेघेला आमच्या गल्लीच्या तोंडाशीच डॉक्टर भूपेंद्रचा दवाखाना होता. मुलगा वयानं लहान, पण डोक्यानं थंड. त्यानं कार्डिओग्राम काढला आणि हृदयाला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. मला जरा अपमान वाटला. एवढं मेटॅडोर करून आणलेल्या माणसाला काहीतरी निघायला हवं होतं. मग त्यानं जेवणाची, झोपेची, वाकण्याची बारीक चौकशी केली, आणि एका चिठ्ठीवर "हायटस हर्निया असावा, दुर्बिणीनं तपासावं" असं लिहून मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

मोठ्या दवाखान्याच्या खिडकीतल्या बाबूनं चिठ्ठीतला फक्त "हर्निया" वाचला आणि मला ज्या रांगेत पाठवलं, त्या रांगेतले सगळे पुरुष चेहरा पाडून, पायजम्याची नाडी हातात धरून उभे होते. मी छाती दाखवत होतो आणि वॉर्डबॉय "ते नंतर, आधी खालचं" म्हणत होता. मी म्हटलं माझं वरचं आहे. तो म्हणाला सगळे पहिल्यांदा असंच म्हणतात. याच रांगेत आमच्या शेजारच्या कांताबाईंचे दीर होते, ऑपरेशननंतरच्या तपासणीला आलेले. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि दोघांनीही भिंतीवरच्या पल्स पोलिओच्या चित्राकडे पाहिलं.

दुपारनंतर मला योग्य खोली सापडली, दुर्बीण घशातून आत गेली, आणि निघाला तो हायटस हर्नियाच. पण बातमी माझ्या आधी सिंदी मेघेला पोचली होती. मी गल्लीत शिरलो तेव्हा ओट्यावरच्या लोकांची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती. निवृत्त पाटबंधारे अधिकारी अण्णाजी आमच्या अगदी समोर राहात. ते संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेला कमरेचा पट्टा घेऊन आले. त्यांच्या साडूचा होता. धुतलेला आहे, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. कांताबाईंनी कोकिळाला बाजूला घेऊन धीर दिला की आमच्या दिरांचंही ऑपरेशन झालं, आता सायकल चालवतात. कोकिळा घरात आली ती पदरात तोंड लपवून.

"तुमचं दुखनं छातीत," ती म्हणाली, "अन् लोकं पाह्यतेत कुठी."

भूपेंद्र डॉक्टरनं मात्र मला नीट समजावलं. छाती आणि पोट यांच्या मध्ये एक पडदा असतो. त्या पडद्याला एक भोक, त्यातून अन्नाची नळी खाली उतरते. ते भोक सैल झालं की पोटाचा वरचा तुकडा त्यातून छातीत डोकावतो, नळीच्या खालचं झाकण नीट बसत नाही, आणि पोटातलं आम्ल वर उसळतं. मी भांड्यांचा दुकानदार. मला लगेच कळलं. झाकण सैल असलेला डबा आडवा ठेवला की तेल सांडतं. मी त्याला विचारलं की असा माल परत घेतात का. तो म्हणाला परत घेत नाहीत, पण सांभाळून वापरला तर जन्मभर टिकतो.

सांभाळायचं म्हणजे असं. थोडं थोडं खायचं, पोटाला तडस लागू द्यायची नाही. रात्रीचं जेवण लवकर, आणि जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. तळलेलं, तिखट, चहा कमी. कमरेतून वाकायचं नाही. नाडी सैल बांधायची. वजन उतरवायचं. सकाळी उपाशीपोटी एक गोळी. आणि पलंगाच्या उशाकडचे पाय विटा लावून अर्धा फूट उचलायचे. नुसत्या उशा रचायच्या नाहीत, कारण उशांनी माणूस पोटात दुमडतो आणि आम्ल आणखी वर चढतं.

यातलं एकेक कलम म्हणजे माझ्या अब्रूचा एकेक टाका उसवणं होतं. नाडी सैल बांधल्यावर एका वरमाईला वरच्या फळीवरची कळशी काढून देताना जे झालं, ते सांगत नाही. त्यानंतर मी गॅलिस, म्हणजे खांद्यांवरून पायजमा पेलणारे पट्टे, वापरू लागलो. भर बाजारात गॅलिस लावलेला मी एकटाच होतो. पोरंटोरं बघायला येत. वाकायचं नाही म्हणून खालच्या फळीवरचं गिऱ्हाईक मी गुडघ्यांवर बसून करायचो. एका म्हातारीला वाटलं मी तिच्या पाया पडतो आहे. तिनं आशीर्वाद दिला आणि भाव कमी करून मागितला.

पण खरी कथा पलंगाची. आमचा पलंग सागवानी, सासरे किसनराव यांनी आंदण दिलेला, आणि त्याच्याबद्दल घरात चढ्या आवाजात बोलायची सोय नव्हती. त्याच्या पायाखाली विटा जाणार म्हटल्यावर कोकिळानं त्या आधी धुतल्या, वाळवल्या आणि जुन्या चादरीच्या तुकड्यांत गुंडाळल्या. पलंग उचलायला चार माणसं लागली. देखरेखीला अण्णाजी होते. त्यांनी पाणी भरलेली प्लॅस्टिकची नळी आणून फरशीची पातळी मोजली आणि जाहीर केलं की खोलीची फरशी मोरीकडे उतरती असल्यामुळे दक्षिणेच्या पायांखाली विटा डुगडुगतील. म्हणून विटा उत्तरेकडे लागल्या, आणि त्यामुळे माझी उशीही उत्तरेला गेली. मग त्यांनी पलंगाचा ढाळ काढला. कालव्याला याच्या निम्मा पुरतो, असं म्हणून ते समाधानानं घरी गेले. जाताना पाठीत उसण भरल्याचं बोलले.

ढाळ खरंच चांगला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि कोकिळा दोघंही गादीसकट पायथ्याशी सापडलो. तिसऱ्या दिवशीही. मग कोकिळानं पायथ्याला देवघरातला जुना पाट आडवा बांधला, आणि आम्ही घाटात गाडीला दगड लावल्यासारखे झोपू लागलो. पण आग कमी झाली, हे खरं.

तेवढ्यात सेलूला बातमी गेली. वाटेत कुणीकुणी तिच्यात आपापल्या परीनं भर घातली असावी, कारण मोठ्या आईला जे कळलं ते असं, की गोपाल्यानं, म्हणजे मी, जेवण सोडलं. ती पहिल्या एस.टी.नं आली. काखेत पिशवी, पिशवीत वांगी, गूळ, तुरीची डाळ, घरचं तूप आणि डिंकाचे लाडू. आल्या आल्या तिनं माझा गाल ओढून पाहिला, आत किती राहिलंय ते बघायला, आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

संध्याकाळी उजेड असतानाच मी जेवायला बसलो. अर्धी भाकरी, वरण, दुधीची भाजी. तिनं त्यावर एक पुरणपोळी ठेवली. मी "पुरे" म्हटलं. तिनं दुसरी ठेवली. मी तिला डॉक्टरनं काढलेलं चित्र दाखवलं. पडदा, भोक, वर आलेलं पोट. तिनं ते चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"पोटाले वर जायचं काम काय?" ती म्हणाली. "त्याले खाली कमी पडलं असन."

मी हसलो, पण हात धुवायला उठलो. ताटात दोन्ही पुरणपोळ्या तशाच राहिल्या. आमच्या घराण्यात मोठ्या आईनं वाढलेलं ताटात राहिल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. ती त्या ताटाकडे बघत बसली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"माह्या हाताची चव गेली का गा?"

मी काहीतरी बडबडलो. तिनं पोळ्या झाकून ठेवल्या. त्या रात्री घरात ओवी ऐकू आली नाही.

आणि त्याच रात्री तिनं पलंग पाहिला. उशी उत्तरेला. उत्तरेला डोकं गेलेल्या माणसाचं करतात, जित्याचं नाही. ती एकदम घाबरली आणि तिनं दोन्ही उशा उचलून दक्षिणेला नेऊन ठेवल्या. म्हणजे आता विटा पायांकडे आणि डोकं उतारावर.

तुम्ही म्हणाल, मी काही बोलायचं होतं. संध्याकाळी जिच्या पोळ्या टाकल्या तिच्या उशाही परत फिरवायच्या? माझी तेवढी छाती नव्हती. होती ती भाजत होती. मी मनाशी म्हटलं, उद्या विटा फिरवून घेऊ. पण पलंग चार माणसांचा. अण्णाजी उसणीनं पडून होते, बाकीचे आपापल्या लग्नांना गेलेले, आणि मोठी आई पहाटे आमच्या खोलीत येऊन माझं डोकं कोणत्या दिशेला आहे ते पाहून जायची. मग मी डॉक्टरनं नको म्हटलेली गोष्ट केली. उशांवर उशा रचल्या. पोटात दुमडून, पाय वर करून, मी घडी घातलेल्या खुर्चीसारखा झोपू लागलो.

शेगडीची भट्टी झाली. खोकला लागला. आवाज इतका बसला की गिऱ्हाइकाला भाव बोटांनी सांगू लागलो. एका नवऱ्या मुलीनं उखाणा मागितला, तो मला लिहून द्यावा लागला. मोठी आई माझा घोगरा आवाज ऐकायची आणि देवघराकडे बघायची. तिच्या घरी मी लहानपणी तिच्यामागे ओव्या म्हणत फिरायचो. तो आवाज गेला म्हणजे सगळंच चाललं, असं तिच्या मनानं घेतलं. एका सकाळी अंघोळ करून, ओल्या केसांनी ती देवापुढं उभी राहिली आणि सेलूच्या शेताकडच्या मारुतीला नवस बोलली. माह्या लेकराले बरं वाटू दे, तुह्या दारात रोडगे करीन.

रोडगे म्हणजे आमच्याकडचं नवसाचं जेवण. जाड्या कणकेचे मुठीएवढे गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले, तुपात चुरलेले, सोबत वरण आणि लालभडक वांग्याची भाजी. आणि रीत अशी, की ज्याच्यासाठी नवस, त्यानं आरातून निघालेला पहिला रोडगा अख्खा खायचा. तुकडा मागे ठेवला तर नवस अर्धा राहतो आणि बोलणाऱ्याला लागतो. म्हणजे माझा आजार बरा झाल्याची खूण म्हणून, ज्यानं आजार वाढतो नेमकं तेच मला मारुतीसमोर संपवायचं होतं. कोकिळा म्हणाली, मारुतीनं तुमची फाईल पाहिली नसन.

खोकला काही थांबेना म्हणून भूपेंद्र डॉक्टर घरी आला. गोळ्या घेता का, हो. लवकर जेवता का, हो. विटा लावल्या का, हो. मग झोपून दाखवा, म्हणाला. मी झोपलो. पाय वर, डोकं खाली, कमरेला घडी. त्यानं वाकून आधी विटा पाहिल्या, मग माझं डोकं. इतक्या वर्षांच्या शिक्षणात त्याला हे कुणी दाखवलं नसावं.

"उशी इकडं कुणी फिरवली?" त्यानं विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात मोठी आई उभी होती. तिच्या हातात माझ्यासाठी आणलेली दुधाची वाटी होती.

"मीच," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

डॉक्टरनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी सोसलं. त्यानं विटा का लावतात, डोकं खाली गेल्यावर आम्ल कसं रात्रभर घशाशी येतं, ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, अगदी मंद विद्यार्थ्याला सांगावं तसं. दारातली बाई सगळं ऐकत होती. दुधाची वाटी तिनं ओट्यावर ठेवली आणि आत गेली.

त्याच दिवशी गल्लीतून माणसं गोळा करून पलंग उचलला. अण्णाजींनी पडल्या पडल्या घरूनच खिडकीतून सूचना दिल्या. विटा दक्षिणेला गेल्या, खाली सुताराची पाचर बसली आणि अजिबात डुगडुगल्या नाहीत. डोकं दक्षिणेला, डोकं वर. शास्त्र आणि डॉक्टर दोघांचंही समाधान. आठवड्याच्या आत खोकला गेला, आवाज परत आला, दुकानातल्या यंत्राचा भुंगा पुन्हा गुणगुणू लागला.

फक्त मोठी आई थांबली नाही. विटा हलवल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती सेलूला निघाली. नवसाची तयारी करायची आहे, म्हणाली. एस.टी.त बसताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवायला उचलला आणि मध्येच खाली घेतला. लाडवाचा डबा तिनं भरलेलाच परत नेला. आयुष्यात पहिल्यांदा ती आमच्या घरून काही परत घेऊन गेली होती. गाडी हलली तेव्हा मला कळलं, की माझं दुखणं आता माझ्या छातीत राहिलेलं नाही.

नवसाचा दिवस माघात ठरला. मी डॉक्टरला विचारलं, एक रोडगा चालेल का? त्यानं रोडगा केवढा असतो ते विचारलं. मी मूठ दाखवली. तो म्हणाला अर्धा, तोही तिखट भाजीशिवाय. अर्धा खाल्ला तर नवस मोठ्या आईला लागणार. अख्खा खाल्ला तर मला. कोकिळानं सुचवलं की तोंडात धरून ठेवा आणि मागच्या बाजूला जाऊन टाका. मारुतीच्या मागची बाजूही मारुतीचीच असते, असं मी म्हटलं. अण्णाजींचं मत पडलं की एक दिवस खाऊन टाकावं, मग महिनाभर विटा तीन लावाव्यात. एकूण मी अख्खा खायचं ठरवलं. तिनं वाढलेलं दुसऱ्यांदा टाकणं मला जमणार नव्हतं. गोळ्यांची पट्टी मी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली.

आता हे लिहितो आहे तेव्हा त्या शेताच्या बाजूनं रुंद सडक गेली आहे. पलंग तोच आहे. विटाही त्याच, चादरीची गुंडाळी तेवढी कोकिळानं दोनदा बदलली. मोठी आई नाही. पण गव्हाच्या हिरव्या ओंब्यांवरून येणारा गोवऱ्यांचा धूर कुठं नाकात गेला, की ती दुपार जशीच्या तशी समोर उभी राहते.

उन्हं अजून वर होती. एरवी रोडग्यांची पंगत दिवेलागणीला बसते, पण तिनं दुपारीच आर पेटवून घेतला होता. गावातली माणसं, आमची गल्ली, अण्णाजी कमरेला साडूचा तोच पट्टा बांधून. आणि मला आश्चर्य वाटलं ते भूपेंद्र डॉक्टर तिथं पाहून. तो म्हणाला, तुमच्या मोठ्या आईनं बोलावलं. त्या मधे एकदा एकट्या दवाखान्यात येऊन गेल्या, तुम्हाला माहीत नाही का? तासभर बसल्या होत्या. चित्र काढून घेतलं आणि घेऊन गेल्या.

सगळे पत्रावळीवर, जमिनीवर. माझ्यासाठी मात्र लोखंडी घडीची खुर्ची मांडली होती. वाकायचं नाही म्हणून. मारुतीच्या समोर, गॅलिस लावून, पूर्ण पंगतीच्या डोक्यावर मी एकटा नवरदेवासारखा बसलो. गावातल्या एका म्हाताऱ्यानं मला नमस्कार केला. तो बहुधा मला पुढारी समजला.

मोठी आई आराशी बसली. तिचं तोंड निखाऱ्यांनी लाल झालं होतं. चिमट्यानं राख बाजूला सारताना ती गुणगुणत होती. कित्येक दिवसांनी मी ते ऐकत होतो, आणि ही ओवी मी आधी कधी ऐकली नव्हती:

लिंबाएवढा रोडगा, डोंगराएवढा आर
माह्या लेकराच्या पोटी, नोको देवा भार

तिनं चिमटा बाहेर काढला. त्यात एक रोडगा होता. लहानपणी आम्ही भातुकली मांडायचो तेव्हा ती उरलेल्या कणकेचे असे रोडगे करून चुलीच्या कडेला ठेवायची. लिंबाएवढा. तिनं तो झटकला, फुंकला, तुपात बोट बुडवून वरून फिरवलं आणि एका लहान ताटलीत ठेवून माझ्या हातात दिला.

"हा पयला. अख्खा खाजो. तुकडा ठेवू नोको."

पंगतीत कुजबुज झाली. अण्णाजींना नियमांची सवय. ते म्हणाले, "बाई, हा रोडगा होय का गोटी?"

"मी देवाले रोडगा म्हनलं होतं, अण्णाजी," ती म्हणाली. "माप नोयतं सांगतलं."

अण्णाजींनी हे मान्य केलं. त्यांची उभी नोकरी अशाच कलमांवर गेली होती. भूपेंद्र डॉक्टरनं मान खाली घालून पत्रावळ सरळ केली.

मी खाल्ला. दोन घासांत संपला. धूर, तूप, भाजलेली कणीक, आणि मध्ये कुठंतरी राखेचा एक बारीक कण. चव तिच्या हातून कुठंही गेली नव्हती. मी ते तिला सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते वेगळंच. चाळिशी उलटलेला, गॅलिस लावलेला माणूस, खुर्चीत बसून, रिकामी ताटली पुढं करत म्हणाला,

"मोठी आई, अजून एक."

तिचा हात सवयीनं आराकडे गेला. अर्ध्या वाटेवर थांबला. तो थांबायला किती जड गेला, ते मला तेवढ्या अंतरावरून दिसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, त्याला धूर हे कारण होतंच.

"पुरे," ती म्हणाली.

तो शब्द मी तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ताटली तिनं माझ्या हातातून काढून घेतली, पदरानं माझं तोंड पुसलं, आणि एका हातात चिमट्यात धरलेला मुठीएवढा रोडगा, दुसऱ्या हातात वरणाची पळी घेऊन ती अण्णाजींकडे वळली. त्यांनी घाईघाईनं पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. मी खुर्चीवरून पाहात राहिलो. त्यांच्या बोटांच्या फटीतून वरण खाली उतरत होतं.